हिरव्या पाकिटातली करकर

काटाबाईंचं खरं नाव बाजारात फार थोड्यांना ठाऊक होतं, आणि ज्यांना ठाऊक होतं तेही ते घेत नसत. त्या वजनमापे खात्यात निरीक्षक होत्या. पारड्याखाली चिकटवलेलं मेण, आतून पोखरलेलं वजन, काट्याशेजारी सहज विसरल्यासारखं ठेवलेलं लोहचुंबक, असल्या गोष्टी पकडण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली. दुकानदार हसून "या बाई, बसा" म्हणाला की त्या बसायच्या नाहीत. आधी काटा बघायच्या. एकदा तर त्यांनी सख्ख्या मावसभावाच्या दुकानाला सील ठोकलं होतं. तेव्हापासून त्या घराण्याशी बोलणं बंद झालं ते झालंच.

नोकरी संपली, पण संशय काही निवृत्त झाला नाही. दूधवाला आज वेळेवर कसा आला, औषधाच्या बाटलीचं झाकण सैल का, जिन्यातला दिवा कोणी बदलला आणि त्यात त्याचा काय फायदा, हे सगळं त्यांच्या डोक्यात चालू असायचं. लग्नाचा योग एकदा आला होता. पण तो माणूस दर दोन वाक्यांनी "खरं सांगतो" असं म्हणायचा. तेवढ्यावरून बाईंनी नकार कळवला, आणि त्याचा त्यांना कधी पश्चात्ताप झाला नाही.

मोठी बहीण, म्हणजे ताई, आपल्या मुलाकडे कायमची राहायला गेली तेव्हा घर आवरताना तिने रेकॉर्डचं एक खोकं धाकटीकडे पाठवून दिलं. "फेकवत नाहीत गं, तू ऐक," असा निरोप. खोकं आलं खरं, पण वाजवायचं कशावर? बाईंनी आठवडाभर दुकानं हिंडून, प्रत्येक विक्रेत्याला उलटसुलट विचारून, शेवटी सगळ्यात स्वस्तातला रेकॉर्डप्लेअर घेतला. हलक्या प्लास्टिकचा, पोटातच दोन चिमुकले स्पीकर बसवलेला. घरी आणून दिवाणखान्यातल्या भिंतीवरच्या फळीवर ठेवला आणि पहिली रेकॉर्ड लावली.

आवाज असा आला की जणू कोणी बादलीत तोंड घालून गातंय. मोठा केला की खालून घुर्र अशी एक घरघर चढत जायची आणि तिच्यात सगळं संगीत बुडून जायचं.

"फसवलं मेल्याने," बाई म्हणाल्या. पण पावती नीट होती, वस्तू नवीन होती, सील त्यांनी स्वतः फोडलं होतं. दोष कुठे दाखवणार? मग रोज दुपारी जेवणानंतर त्या एखादी रेकॉर्ड लावून, कपाळाला आठ्या घालून ऐकत बसू लागल्या. ऐकण्यापेक्षा त्या तपासतच होत्या म्हणा.

अशाच एका दुपारी बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे गृहस्थ उभे होते. नवीनच राहायला आलेले, एकटे, सडपातळ, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेले. जिन्यात दिसले की मान लवायचे. एवढीच ओळख.

"माफ करा हं," ते म्हणाले, "तुमचा रेकॉर्डप्लेअर भिंतीला टेकवलाय का?"

"का? त्रास होतोय?"

"छे छे, तक्रार नाही. पण फळी भिंतीत आहे ना, त्यामुळे स्पीकरची धडधड भिंतीतून परत सुईत जाते. म्हणून ती घरघर येते. खाली ठेवा. जड टेबलावर. आणि यंत्र सपाट बसलंय का ते बघा."

बाईंनी दार अर्ध्यावरच धरलं होतं. "तुम्हाला कसं कळलं फळीवर आहे ते?"

"आवाजावरून." ते जरा घुटमळले. "आणि एक विचारू? तुमच्याकडे हिरव्या पाकिटाची एक रेकॉर्ड आहे ना? रेडिओच्या वाद्यवृंदाची?"

बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पाल कसली, घोरपडच ती. भिंतीतून आवाज ऐकू आला हे एक वेळ समजू शकतं. पण पाकिटाचा रंग? तो भिंतीतून कसा दिसला?

"बघून सांगते," असं म्हणून त्यांनी दार लावलं, कडी घातली, आणि तशाच खोक्यापाशी गेल्या. रेकॉर्ड होती. हिरव्या पाकिटात. काल दुपारीच लावली होती.

त्यांनी ताबडतोब ताईला फोन केला. "ताई, ती हिरवी रेकॉर्ड तू कुठून आणलीस?"

"कुठली हिरवी?"

"रेडिओवाल्यांची. वाद्यांची."

"अगं, मला काय आठवतंय! कुठल्यातरी सेलमधून आणली असेल. का? चावली का तुला?"

"कोणी घरी आलं होतं का तुझ्या? एकटा गृहस्थ, सडपातळ, सगळी बटणं लावलेला?"

"तू ना," ताई म्हणाली, "जरा बाहेर हिंडत जा."

ताईकडून काही हाती लागलं नाही. संध्याकाळी बाई हिरवी रेकॉर्ड पिशवीत घालून जुन्या रेकॉर्ड आणि जुनी यंत्रं विकणाऱ्या दुरुस्तीवाल्याकडे गेल्या. त्याने पाकीट उलटसुलट केलं, रेकॉर्ड उजेडात धरली आणि परत दिली. "हिला कोण विचारतंय बाई? अशा ढिगाने पडल्यात. हवी तर आणखी दोन घेऊन जा, जागा तरी होईल."

म्हणजे मौल्यवान नाही. बाई जास्तच अस्वस्थ झाल्या. मौल्यवान वस्तूवर डोळा असलेला माणूस त्यांना कळत होता. असले तर त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. पण कवडीमोल वस्तूवर ज्याचा डोळा आहे, त्याचं काय? पाणी नक्की कुठेतरी मुरत होतं.

घरी येऊन त्यांनी रेकॉर्डच्या खोक्यावर झाकण ठेवलं आणि झाकणाच्या फटीत एक काळा दोरा अडकवला. कोणी उघडलं तर पडलाच पाहिजे. किल्ली कुंडीखाली ठेवायची सवय होती, ती मोडली.

आणि मग, आपल्याला कोणी बघत नाही याची खात्री करून, त्यांनी रेकॉर्डप्लेअर फळीवरून उतरवला आणि जेवणाच्या जड लाकडी टेबलावर ठेवला. घरघर गेली. पार गेली! आवाज अजून बादलीतलाच होता, पण बादली निदान हलायची थांबली. बाईंना याचा आनंद व्हायला हवा होता. झाला तो राग. फुकट सल्ला देणारा माणूस काहीतरी न्यायला आलेला असतो असं त्यांचं पक्कं मत होतं, आणि सल्ला बरोबर निघाला की ते मत अधिकच पक्कं व्हायचं.

पुढचे काही आठवडे असंच चाललं. गृहस्थ जिन्यात भेटायचे, मान लवायचे, आणि जाता जाता एखादं वाक्य टाकायचे. "सुईचा दाब बघितलात का? सुई धरणाऱ्या दांडीच्या मागे वजन असतं ना, ते फिरवून जुळवायचं. स्वस्तातल्या यंत्रांचं कारखान्यातून कधीच जुळलेलं नसतं." किंवा, "रेकॉर्ड कोरड्या फडक्याने नका पुसू, धूळ खाचेत बसते. कोमट पाणी, साबणाचा एखादा थेंब, मऊ फडकं, आणि खाचेच्या दिशेनेच हात फिरवायचा. मधल्या कागदाला पाणी लागू देऊ नका."

बाई "बरं" एवढंच म्हणायच्या. घरी आल्यावर आधी पडताळून घ्यायच्या, मग करायच्या. गवंड्याकडून पाणसळ मागून आणली. यंत्र एका बाजूला कललेलं होतं, त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून ते सपाट केलं. त्याखाली स्वयंपाकघराच्या ओट्यातून उरलेला दगडाचा जाड तुकडा ठेवला. सुईचा दाब मात्र त्यांच्या हातचा खेळ होता. निवृत्तीच्या वेळी खात्यातल्या लोकांनी त्यांना सोनाराकडे असतो तसला छोटा काटा भेट दिला होता. सुई त्या काट्याच्या पारड्यावर अलगद टेकवून बघितली आणि बाई चमकल्या. पाहिजे त्याच्या दुप्पट भार! एवढ्या भाराने तर रेकॉर्ड नांगरल्यासारखी होईल. मागचं वजन केसाकेसाने फिरवत त्यांनी दाब उतरवला. असं काम करताना त्यांच्या कपाळावरच्या आठ्या आपोआप जायच्या, हे त्यांना स्वतःला माहीत नव्हतं.

सुई बदलायला त्या दुरुस्तीवाल्याकडे गेल्या, तेव्हा नवी सुई त्यांनी दुकानातच भिंगाखाली धरली.

"अहो बाई, नवीन आहे. पाकीट तुमच्यासमोर फोडलं."

"पाकीट पुन्हा चिकटवता येतं," बाई म्हणाल्या.

सुई नवीनच निघाली. त्याच दुकानात त्यांना एक जुना ॲम्प्लिफायर आणि दोन लाकडी खोक्यांचे स्पीकर दिसले. यंत्राच्या पोटातले स्पीकर बंद करून हे जोडले तर आवाज कुठल्या कुठे जाईल, असं दुरुस्तीवाला म्हणाला. खालचे गृहस्थही चार दिवसांपूर्वी हेच म्हणाले होते. तेव्हा हे दोघे एकमेकांना सामील आहेत की काय, असाही विचार बाईंच्या मनाला शिवून गेला. तरी त्यांनी ते घेतले. दुकानात अर्धा तास वाजवून, प्रत्येक बटण फिरवून घेतले.

त्या दुपारी पहिल्यांदा बादली नाहीशी झाली. बाई खुर्चीत बसल्या होत्या आणि समोरच्या भिंतीपाशी जणू माणसं येऊन बसली. कोणी इकडे, कोणी तिकडे. मधेच कोणीतरी श्वास घेतल्याचंसुद्धा ऐकू आलं. बाईंनी मागे वळून पाहिलं, दार लावलंय ना याची खात्री करायला.

दुसऱ्या दिवशी गृहस्थ जिन्यात थांबले. त्यांचा चेहरा उजळला होता. "स्पीकर आणलेत! काल खाली कळलं मला. आता फक्त ते जरा उंचावर घ्या, कानाच्या पातळीला, आणि एकमेकांपासून लांब ठेवा. वायर लांब लागेल. मी येऊन जोडून देऊ का?"

"हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या. जरा जास्तच जोरात. मग त्यांनी मनाशी ठरवलं की आता पुरे. "तुम्ही आत या. बसा. आणि मला सरळ सांगा, त्या हिरव्या रेकॉर्डमध्ये तुम्हाला काय हवंय?"

गृहस्थ आत आले, सांगितलेल्या खुर्चीवर बसले. बाई उभ्याच राहिल्या. त्यांनी खोकं आणि गृहस्थ यांच्या मधली जागा धरली होती.

"मी त्या रेकॉर्डमध्ये आहे," गृहस्थ म्हणाले.

"म्हणजे?"

"वाजवलंय त्यात. व्हायोलिन. रेडिओच्या वाद्यवृंदात होतो मी, तिसऱ्या रांगेत. पाकिटावर आमची नावं नसतात. एकट्या संचालकाचं असतं."

"बरं. मग?"

"तिच्या दुसऱ्या बाजूला एक फार हळू भाग आहे. सगळे जवळजवळ थांबतात असा. तिथे एक करकर ऐकू येते. खुर्चीची. बारीकशी. रेकॉर्ड छापून बाहेर पडली आणि मग ती लक्षात आली. संचालक संतापले. चौकशी झाली. कोणाच्या खुर्चीची, कोणीच कबूल होईना. शेवटी माझ्यावर आलं. त्या वेळी माझी पाठ दुखायची, मी खुर्चीत जरा हलायचो, सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या वर्षी माझा करार वाढवला नाही. नंतर मी वाद्यं विकणाऱ्या दुकानात काम केलं. दुसऱ्यांना व्हायोलिनं विकली."

"आणि ती करकर तुमची होती का?"

"हेच तर मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी तेव्हाही नाही म्हणालो, आजही नाही म्हणतो. पण माणूस इतकी वर्षं एकच गोष्ट बोलत राहिला ना, की त्याला स्वतःचाच संशय यायला लागतो. माझी बायको कधी काही बोलली नाही. पण तिच्या न बोलण्यावरून मला कळायचं. ती गेली तेव्हाही तिच्या मनात ते होतंच."

बाईंनी आयुष्यात अशा पुष्कळ कहाण्या ऐकल्या होत्या. तराजू खोटा निघाला की प्रत्येक दुकानदाराला एक आजारी आई असायची. "मग स्वतःच ऐका की. रेकॉर्ड ढिगाने मिळतात म्हणे."

"मला ती करकर ऐकू येत नाही." त्यांनी कानाला हात लावला. "जाड आवाज येतात, भिंतीतूनसुद्धा येतात. बारीक आवाज सगळे गेले. व्हायोलिनवाल्यांचं होतं तसं. मी कितीही चांगल्या यंत्रावर ऐकलं तरी तिथे मला शांतताच ऐकू येणार."

"मग मी काय करू?"

"त्या खोलीत वाद्यं डावी-उजवी मांडलेली असायची, आणि रेकॉर्डमध्येही ती तशीच येतात. नीट यंत्र असेल तर करकर डावीकडून येते की उजवीकडून, ते कळेल. मी कुठे बसायचो ते मी आता सांगणार नाही. तुम्ही फक्त ऐकायचं आणि सांगायचं."

"आणि मी खोटं सांगितलं तर?"

"तुम्ही नाही सांगणार. मी बाजारात तुमची चौकशी केलीय."

"चौकशी!" बाईंच्या भुवया कपाळात गेल्या.

"तुमच्या मावसभावाचं कळलं," गृहस्थ शांतपणे म्हणाले. "तेव्हाच ठरवलं, की विचारायचं तर तुम्हालाच. माझ्या मुलीला विचारलं असतं तर तिने मला बरं वाटेल तेच सांगितलं असतं."

"परवा या," त्या म्हणाल्या. "दुपारी."

मधल्या दिवशी त्यांनी दोन उंच स्टुलं आणली, स्पीकर त्यांवर चढवले, खोलीच्या दोन टोकांना नेले. लांब वायरी आणल्या. ॲम्प्लिफायर ठेवलेलं कपाट पुढे ओढून, त्याच्या मागे शिरून, भिंतीला पाठ लावून त्यांनी यंत्राच्या पाठीमागे एकेक वायर स्वतः जोडली. तांबडी तांबड्याला, काळी काळ्याला. कोणाचा हात म्हणून लागू दिला नाही.

ठरल्या वेळी गृहस्थ आले. हिरवं पाकीट बघून त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. बाईंनी रेकॉर्ड ठेवली, सुई टेकवली, आणि दोन स्पीकरच्या बरोबर मधल्या खुर्चीत डोळे मिटून बसल्या. गृहस्थ बाजूला, मांडीवर हात ठेवून, समोरच्या भिंतीकडे बघत बसले. संगीत चढलं, उतरलं, अगदी एका धाग्यावर आलं. आणि तिथे, खरंच, करकर आली. केवढीशी! यंत्राच्या पोटातल्या स्पीकरवर ती कधीच कळली नसती. खुर्चीत कोणीतरी वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर टाकावं तेवढीच.

बाईंनी सुई उचलली, मागे नेली, पुन्हा टेकवली. पुन्हा ऐकलं. आणखी एकदा ऐकलं. शंकेला जागा नव्हती.

"डावीकडून," त्या म्हणाल्या.

गृहस्थांनी मान हलवली. मग उठून त्यांनी शर्ट सारखा केला. "मी डावीकडेच बसायचो," ते म्हणाले. "आभारी आहे तुमचा. फार आभारी आहे." आणि गेले. जिन्यावरून उतरताना त्यांनी कठडा धरला होता, एवढं बाईंनी दाराच्या भिंगातून पाहिलं.

सुरुवातीला बाईंना बरंच वाटलं. आपण म्हणत होतो ना, की कहाणीत खोट आहे! पण हे बरं वाटणं काही टिकलं नाही. गृहस्थ जिन्यात दिसायचे, पूर्वीसारखीच मान लवायचे, पण आता सुईबद्दल किंवा धुळीबद्दल चकार शब्द नाही. एकदा भाजीवाल्याकडे भेटले. बाईंनी स्वतःहून "बरे आहात ना?" विचारलं, तर "हो हो" म्हणून पुढे गेले. पिशवीत काही न घेताच गेले, हेही बाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

आता संशय वेगळ्याच बाजूने डोकावायला लागला. ज्याचा काटा खोटा असतो तो भांडतो. हात नाचवतो, खात्याला शिव्या देतो, "पुन्हा तपासा" म्हणतो. हा माणूस एका शब्दाने भांडला नाही. मी डावीकडून म्हणाले आणि त्याने ते गळ्यात घालून घेतलं. का? माझ्यावर विश्वास होता म्हणून. आणि मी? मी काय केलं?

भांडी घासता घासता बाईंचे हात थांबले.

खात्यात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला त्या एकच गोष्ट शिकवायच्या. दुकानदाराचा काटा तपासण्याआधी आपल्या पेटीतली वजनं तपासा. आपलीच वजनं खोटी असतील तर समोरच्याला चोर ठरवायचा हक्क आपल्याला नाही. आणि इथे आपण एका माणसाच्या आयुष्याचा निकाल दिला, तो कशाच्या जोरावर? स्वतः जोडलेल्या वायरींच्या. त्या कोणी तपासल्या?

हात न पुसताच त्या दिवाणखान्यात आल्या. ॲम्प्लिफायरवर एक बटण होतं, आवाज एका बाजूला नेण्याचं. दुकानात त्यांनीच ते फिरवून बघितलं होतं. त्यांनी कुठलीतरी रेकॉर्ड लावली आणि बटण पूर्ण डावीकडे फिरवलं.

उजवीकडचा स्पीकर वाजू लागला. डावीकडचा मुका.

बटण उजवीकडे फिरवलं. डावीकडचा वाजला.

कपाटाच्या मागे शिरून, खोलीकडे तोंड करून त्यांनी वायरी जोडल्या होत्या. मागून जी डावी, तीच पुढून उजवी. शाळेतल्या पोराला कळावी अशी गोष्ट. आणि गृहस्थांना हात लावू दिला असता तर त्यांनी ती डोळे मिटून बरोबर जोडली असती.

नोकरीत असताना बाईंकडे बोट दाखवायची कोणाची छाती झाली नव्हती. आता त्यांचंच बोट त्यांच्याकडे वळलं होतं आणि ते त्यांना सहन होईना. गप्प बसलं तर कोणालाही कळणार नाही, हा विचारही येऊन गेला. त्या माणूसच होत्या. पण तो आला तसा गेला. बाईंनी पदर खोचला आणि खाली जाऊन बेल दाबली.

गृहस्थांनी दार उघडलं, अर्धंच.

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या. हे दोन शब्द बोलायची सवय नसल्यामुळे ते आदळल्यासारखे बाहेर पडले. "वायरी उलट्या होत्या. मी जोडल्या उलट्या. करकर उजवीकडची आहे."

गृहस्थांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बाईंनी हजार वेळा आरशात पाहिलेलं होतं. त्यांचे डोळे बारीक झाले होते.

"तुम्हाला माझी दया आली," ते म्हणाले.

"काय?"

"त्या दिवसापासून मी तुम्हाला बघतोय. तुम्हाला वाईट वाटतंय. म्हणून आता हे उजवीकडचं काढलंत. नको बाई. जे आहे ते आहे."

"दया!" बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मला? सख्ख्या मावसभावावर आली नाही ती तुमच्यावर येणार होय? चला वर. चला आधी!"

त्यांनी त्या गृहस्थांना जवळजवळ ओढतच वर नेलं. उलट्या वायरी त्यांनी मुद्दाम तशाच ठेवल्या होत्या. पुरावा हलवायचा नसतो. त्यांनी रेकॉर्ड पुन्हा लावली. "हे बटण फिरवा. स्वतः फिरवा. डावीकडे. आता जा आणि दोन्ही स्पीकरवर हात ठेवा. बारीक आवाज ऐकू येत नसेल, पण थरथर तर कळते ना?"

गृहस्थांनी डाव्या स्पीकरच्या जाळीवर तळवा ठेवला. मग ते उजव्याकडे गेले, तिथे ठेवला. तिथून त्यांनी हात काढलाच नाही. जाड तारांची घुमणारी थरथर त्यांच्या बोटांतून वर चढत असावी.

"उलट्या आहेत," ते हळूच म्हणाले.

"हेच तर सांगतेय मघापासून."

"मी जोडू का नीट?"

"जोडा," बाई म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

वायरी त्यांनी जोडल्या, बाईंनी पुन्हा तपासल्या, आणि मग हिरवी रेकॉर्ड लागली. तो हळू भाग आला. बाईंनी डोळे मिटले नाहीत. करकर आली तेव्हा त्यांनी सरळ उजव्या स्पीकरकडे बोट केलं आणि ते तसंच धरून ठेवलं. गृहस्थांना ऐकू काहीच आलं नव्हतं. ते त्या बोटाकडे बघत राहिले.

"तिथे चेलोवाले बसायचे," ते म्हणाले. "मोठी वाद्यं. खुर्च्या सगळ्यांच्याच जुन्या होत्या. कोण असेल, देव जाणे. आता त्यांतलं कोणी उरलेलं नाही. आणि ज्यांना सांगायला हवं होतं तेही नाहीत."

"मुलगी आहे ना?"

"तिला काय सांगणार? तिला हे काही माहीतच नाही. आम्ही दोघांनी तिला कधी कळू दिलं नाही."

"मग आता कळू द्या," बाई म्हणाल्या. "नाहीतर मी सांगते. पुराव्यासकट."

गृहस्थ हसले. ते हसताना बाईंनी पहिल्यांदाच पाहिलं, आणि का हसले याचा अर्थ लावत बसल्या नाहीत. त्यांना दुसरीच शंका होती. रेकॉर्ड चालूच होती आणि व्हायोलिनं आता एकदम मोठी झाली होती, डावीकडून, लाटच्या लाट.

"यातले तुम्ही कुठले?" त्यांनी विचारलं. "मला तर सगळी मिळून एकच वाटतायत. तुमचं वेगळं ओळखू येत नाही."

"येताच कामा नये," गृहस्थ म्हणाले. "मी वेगळा ऐकू आलो असतो तर त्यांनी मला करारही संपू न देता हाकललं असतं."

पुढच्या महिन्यात मुलगी वडिलांना भेटायला आली. तिला घेऊन ते वर आले. काटाबाईंनी तिला मधल्या खुर्चीत बसवलं, दोन्ही स्पीकर पुन्हा एकदा तपासले, आणि डावीकडे नीट लक्ष दे म्हणून बजावलं. मुलीने विचारलं, "डावीकडेच का?" तेव्हा गृहस्थ सांगायला लागले, अगदी पहिल्यापासून, आणि ते सांगून होईपर्यंत बाईंनी सुई टेकवली नाही.